पहिल्या मापाला लाभ

रिकाम्या काट्यानं शून्य दाखवलं पाहिजे.
एकवीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
गाळ्यागाळ्यातून हेच सांगत हिंडतो आहे मी
पाना, फडकं आणि पितळी वजनांची पेटी घेऊन.
वारा असेल तर शटर ओढा.
ताटलीखाली अडकलेली सालं काढा,
कांद्याच्या एका सालीनंही काटा खोटं बोलतो.

आणि मंगळवारी रात्री घरी
मी जेवणाचं ताट भिरकावलं.
कारण सांगण्याजोगं नाही. मीठ, बहुतेक.
फ्रिजच्या दाराला पोचा आला, तळहात मावेल एवढा.
ऋजुता वही मिटून आत गेली,
दार इतकं हळू लावलं
की आपटलं असतं तर बरं, असं वाटलं.
सुनंदा फरशी पुसत म्हणाली,
"कुणाला लागलं नाही, ते एक बरं,"
जणू ताट आपणहून उडालं होतं.

आदल्या शुक्रवारी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते,
डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, सुरुवात आहे,
थेंब घाला, ताण कमी करा.
किती कमी? ग्रॅममध्ये सांगा,
असं विचारणार होतो. फी देऊन आलो.
घरात बोललो नाही.
मग रात्री दोनला, कोपरखैरण्याच्या अंधारात,
एक डोळा झाकून दुसऱ्यानं पंख्याची पाती मोजायची,
मग तो झाकून पहिल्यानं.
पाती तीनच.
तरी पुन्हा मोजायची.

हे सगळं सर्जेराव मापाड्याला का सांगितलं, माहीत नाही.
गडी जावळीकडचा, शब्द मोजून देणारा.
थप्पीला टेकून तंबाखू मळत म्हणाला,
"आमच्या खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हनत न्हाईत.
लाभ म्हंत्यात. मग दोन, तीन.
बा आमचा देवाचं नावबी तितंच घिऊन टाकायचा.
तसाच श्वास मोज की."
"आणि मोजता मोजता चुकलो तर?"
"मग पुन्यांदा लाभ."

तेव्हापासून बसतो.
पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी,
गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली,
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत.
लाभ. दोन. तीन.
चौथ्याला वजनमाप खात्याची नोटीस आठवते.
लाभ. दोन.
तिसऱ्याला मीठ.
लाभ.
ओहोटीच्या खाडीचा वास येतो.
लाभ.
बाराव्या पेरापर्यंत अजून एकदाही पोचलो नाही.

देवा, तुझ्यामाझ्यात फारसं बोलणं नाही.
आई तुझ्यापुढे तासभर बसायची,
मी बाहेर तिच्या चपला राखायचो.
तुझं वजन करायचं म्हटलं
तर तुझ्या पासंगालाही माझी पेटी पुरायची नाही.
पण काट्याला स्वतःच्या ताटलीखालचं साल
स्वतः काढता येत नाही,
एवढं मला धंद्यातून कळलेलं आहे.

शांती मिळाली वगैरे म्हणत नाही मी.
काल आमटी पुन्हा अळणी होती.
राग आला, नेहमीच्या वाटेनं आला,
कानशिलं तापली, उजवा हात ताटाच्या काठाशी.
अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला.
लाभ, म्हणालो. जरा मोठ्यानंच.

"कसला लाभ?" ऋजुतानं विचारलं.
नऊ दिवसांत माझ्याशी बोललेले तिचे पहिले दोन शब्द.

मीठ मागून घेतलं.
आणि मग, मीठ कालवता कालवता, डोळ्याचंही सांगितलं.
सुनंदा बराच वेळ काही बोलली नाही,
नंतर पुष्कळ बोलली.

थेंबांच्या वेळा लिहिलेला कागद
आज सकाळी फ्रिजला लावलेला दिसला.
ऋजुतानं आधी पोच्यावर लावून पाहिला म्हणे,
झाकला जाईल म्हणून.
चुंबक तिथं बसत नाही.
मग जरा बाजूला लावला.